योनिमार्गातील इस्ट्रोजेन : पत्रकातील भीती आणि प्रत्यक्ष धोका

पाळी कायमची थांबल्यानंतर योनिमार्गाचा कोरडेपणा, जळजळ, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे आणि वरचेवर उन्हाळी लागणे हा त्रास जवळजवळ निम्म्या स्त्रियांना कमी-अधिक प्रमाणात होतो. त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ योनिमार्गात वापरायचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे मलम किंवा गोळी लिहून देतात. परंतु सोबतच्या पत्रकात स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या अशी नावे वाचल्यावर अनेकजणी औषध सुरूच करत नाहीत. अंगातून गरम वाफा येण्याचा त्रास बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांत ओसरतो. योनिमार्गाचा हा त्रास मात्र उपचारांवाचून सहसा वाढतच जातो. म्हणून त्या पत्रकातील किती भीती या औषधाला खरोखर लागू पडते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

योनिमार्ग, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा तळ या तिन्ही ठिकाणच्या पेशी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतात. त्याच्या प्रभावाने योनिमार्गाचे अस्तर जाड राहते, त्यात ग्लायकोजेन ही साठवणीची साखर साठते, आणि त्यावर पोसले जाणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करून तेथील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ च्या खाली ठेवतात. इस्ट्रोजेन घटले की अस्तर पातळ होते, आम्लता कमी होते आणि आतड्यातील जिवाणूंना मूत्रमार्गापर्यंत पोचणे सोपे जाते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ज्या स्त्रियांना योनिमार्गात इस्ट्रिऑलचे (इस्ट्रोजेनच्या एका प्रकाराचे) मलम दिले, त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण वर्षाला सरासरी ०.५ होते, तर औषधविरहित मलम लावणाऱ्यांमध्ये ५.९ होते. एवढा फरक असताना हा उपचार केवळ भीतीपोटी नाकारला जावा, हे मला खेदाचे वाटते.

या भीतीचे मूळ आहे २००२ साली मुदतीआधी थांबवलेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या त्या चाचणीत १६,६०८ स्त्रिया होत्या, त्यांचे सरासरी वय ६३ होते आणि त्यांच्यापैकी निम्म्या जणी ०.६२५ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन व त्यासोबत प्रोजेस्टिन हे दुसरे संप्रेरक अशी गोळी रोज तोंडाने घेत होत्या. गोळी घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे ३८ जणींना, तर दुसऱ्या गटात ३० जणींना आढळला. त्यानंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने इस्ट्रोजेनच्या सर्वच औषधांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले, आणि चाचणीत नसलेली योनिमार्गातील औषधेही त्यात ओढली गेली. हा इशारा मागे घेण्याची घोषणा व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला.

मात्रेतला फरक मोठा आहे. योनिमार्गात ठेवायची इस्ट्राडिऑलची (इस्ट्रोजेनच्याच आणखी एका प्रकाराची) गोळी १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाची असते. पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा वापरली, तर पहिल्या वर्षभरात सुमारे १.१४ मिलिग्रॅम औषध पोटात न जाता तेथेच वापरले जाते. तोंडाने घेण्याच्या नेहमीच्या एका गोळीत, म्हणजे एका दिवसात, जवळपास तेवढेच औषध असते. सुरुवातीला अस्तर पातळ असल्याने थोडे अधिक औषध रक्तात उतरते. अस्तर सुधारले की ते प्रमाण घटते आणि रक्तातील पातळी रजोनिवृत्त स्त्रियांच्या नेहमीच्या मर्यादेतच राहते. याच अमेरिकी उपक्रमाच्या निरीक्षणगटातील ४५,००० हून अधिक स्त्रियांच्या २०१८ सालच्या विश्लेषणात, योनिमार्गातील इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढलेला दिसला नाही.

अर्थात प्रत्येक मलम कमी मात्रेचे नसते. एका ग्रॅममध्ये १०० मायक्रोग्रॅम इस्ट्राडिऑल असलेली मलमे रक्तात अधिक शोषली जातात, म्हणून युरोपीय औषध संस्थेने ती उपचाराच्या एकाच फेरीत आणि जास्तीत जास्त चार आठवडे वापरावीत असे ठरवले आहे. त्यामुळे मलम अंदाजाने न लावता, डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेपर्यंतच नळीत भरावे.

प्रत्यक्षात आढळणारे दुष्परिणाम म्हणजे पांढरा स्राव, खाज, सुरुवातीची जळजळ आणि क्वचित स्तनांत दुखरेपणा. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, मग तो डागापुरता का असेना, तर त्याचे खापर मलमावर न फोडता तपासणी करून घ्यावी. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांनी प्रथम संप्रेरकविरहित मॉइश्चरायझर व वंगण वापरून पाहावे. २०२२ सालच्या डेन्मार्कमधील अभ्यासात अशा रुग्णांमध्ये योनिमार्गातील इस्ट्रोजेनने कर्करोग उलटण्याचे प्रमाण एकूणात वाढले नव्हते, परंतु ॲरोमॅटेज इन्हिबिटर गटातील (शरीरात इस्ट्रोजेन तयार होणे रोखणाऱ्या) गोळ्या चालू असलेल्यांमध्ये ते वाढलेले दिसले. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने कर्करोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय हे औषध सुरू करू नये. बाकीच्या बहुतेक जणींनी पहिल्या आठवड्यातील जळजळीला घाबरून ते सोडू नये, कारण आराम पडू लागायला दोन-तीन आठवडे आणि पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने लागतात.