शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना: सातारा-सांगलीत अर्ज कसा करावा, आणि गोळ्या घरी का ओतता येत नाहीत

पाटण, जावळी, शिराळा भागात रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात, म्हणून ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकीच्या परवान्याची चौकशी होते. पाठोपाठ प्रश्न येतो: शिसं वितळवून गोळ्या घरीच ओतल्या तर? तसं करता येत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची सामग्रीही धरलेली आहे. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात हे काम बसत नाही. विनापरवाना निर्मितीला कलम 25 खाली किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप आहे. गोळ्या-छर्रे परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर लिहिलेल्या संख्येत घ्यावेत आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

आता मूळ परवान्याचं. अर्जदाराचं वय 21 पूर्ण हवं. अर्ज शस्त्र नियम, 2016 मधल्या नमुना ए-1 मध्ये, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यायचा, कारण परवाना देणारे जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारीच असतात. पीकसंरक्षणाचा परवाना नमुना 4 मध्ये मिळतो. कारणाच्या रकान्यात सवयीने ‘स्वसंरक्षण’ लिहू नका. मग धोका कुणापासून, तक्रार कुठे दिली, अशी वेगळीच चौकशी सुरू होते आणि शेतीचा मुद्दा बाजूला पडतो.

ओळख, वय आणि रहिवासाचे पुरावे, फोटो, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र हे नेहमीचे कागद. खरा भार जमिनीच्या कागदांवर असतो. ताजा सातबारा आणि 8-अ (खातेउतारा) जोडा, सातबाऱ्यावर चालू हंगामाची पीक नोंद आहे ना ते आधी बघा. सातबारा पड दाखवत असेल तर संरक्षण कशाचं, हा प्रश्न येणारच. बंदूक कुठल्या क्षेत्रात नेणार तेही लिहायचं असतं. तिथे गावाचं नाव पुरत नाही, सगळे गट क्रमांक लिहा. जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र सोबत दिलेलं बरं. वनविभागाचे नुकसानीचे जुने पंचनामे हा सर्वांत वजनदार पुरावा, आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो.

पुढे अर्ज स्थानिक पोलीस ठाण्याकडे अहवालासाठी जातो. जुना गुन्हा, अगदी त्यातून निर्दोष सुटला असलात तरी, अर्जात लिहून टाका. लपवलेली नोंद अहवालात निघाली तर अर्ज तिथेच अडतो. ठरलेल्या मुदतीत अहवाल आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे, हे लेखी अर्जात नम्रपणे नमूद करता येतं.

कायद्यात पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीचीच बंदूक धरली आहे. ती अपुरी पडते हे पटवून दिलं तर किमान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत दुसरी बंदूक मिळू शकते. फक्त मालमत्ता कमी आहे म्हणून परवाना नाकारता येत नाही. नकार आला तर कारणं लेखी मागा आणि 30 दिवसांत पुण्याच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करा.

परवाना हातात आला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली, असं मात्र नाही. रानडुकरासाठीही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 11 प्रमाणे वनविभागाची लेखी परवानगी आधी लागते. गवा त्याच कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याने पीक खाल्लं म्हणून त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. गव्याने केलेल्या नुकसानीसाठी भरपाई मागायची, आणि त्यासाठी तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयाला कळवून पंचनामा करून घ्यायचा.