मल्टिफ्यूएल इंजिनावरचे जुने लेख : शोधायला देण्यापूर्वी हे वाचा

"लष्करी गाड्यांच्या मल्टिफ्यूएल इंजिनावर एका जुन्या मासिकात छान लेख आला होता, तो मिळेल का?" असं विचारत आमच्याकडे बरेच जण येतात, कारण जुने लेख शोधून देणं हेच आमचं काम. मल्टिफ्यूएल म्हणजे एकाहून जास्त प्रकारच्या इंधनांवर चालणारं इंजिन. कुणी लिलावात घेतलेला शक्तिमान ट्रक चालता करत असतं, कुणी लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालेलं असतं, कुणाला इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी हवं असतं. असा लेख बहुतेक वेळा मिळतो. मात्र नुसता "मल्टिफ्यूएल" हा शब्द घेऊन शोधलं, तर सगळ्यांत चांगले लेख हातून निसटतात.

एक उदाहरण देतो. डिझेल, रॉकेल, पेट्रोल असं मिळेल ते इंधन चालवून घेणाऱ्या ट्रक-इंजिनांच्या मुळाशी जर्मनीच्या मॅन कंपनीची 'एम' पद्धत आहे. पिस्टनच्या माथ्यावर गोल खळगा असतो आणि बहुतेक इंधन हवेत न फवारता त्या खळग्याच्या तापलेल्या भिंतीवर पातळ थरासारखं पसरवतात. ते हळूहळू वाफ होऊन जळतं, त्यामुळे खडखडाट कमी होतो. ही पद्धत विकसित करणाऱ्या डॉ. मॉयरर यांचा महत्त्वाचा लेख 1956 साली अमेरिकेच्या एसएई या मोटार अभियंत्यांच्या संस्थेच्या वार्षिक खंडात आला. त्याच्या शीर्षकात मल्टिफ्यूएल हा शब्दच नाही, तिथे 'डिझेल नॉक', म्हणजे तो खडखडाट, घालवण्याची गोष्ट आहे. याच पद्धतीचा परवाना घेऊन अमेरिकेच्या कॉन्टिनेन्टल कंपनीने अडीच टनी लष्करी ट्रकचं इंजिन केलं, त्याच्या जाहिरातींत 'हायपरसायकल' म्हटलेलं सापडतं. जर्मन नियतकालिकांत मल्टिफ्यूएल इंजिनाला शब्द वेगळाच, 'फीलश्टोफमोटोर'. ब्रिटिशांच्या चीफटन रणगाड्यातलं आणि चेन्नईजवळच्या आवडी इथे तयार झालेल्या आपल्या विजयंत रणगाड्यातलं लेलँड एल-60 हे तर निराळ्याच घराण्याचं : टू-स्ट्रोक, एका सिलिंडरात समोरासमोर दोन पिस्टन, सिलिंडर हेडच नाही. त्यावरचे लेख 'अपोज्ड पिस्टन' या नावाखाली दडलेले असतात. म्हणून आम्ही आधी तुमच्याशी बसून शब्दांची यादी करतो. इंजिनाच्या पाटीचा फोटो आणला, तर अर्धं काम तिथेच होतं.

त्यानंतर वर्षं ठरवायची. या विषयाचा बहर साधारण 1955 ते 1970. ब्रिटनचं 'कमर्शियल मोटर' हे व्यापारी गाड्यांवरचं नियतकालिक 1905 पासून निघतं, जर्मनीचं 'एमटीझेड' हे इंजिनांवरचं तांत्रिक नियतकालिक 1939 पासून. 'पॉप्युलर सायन्स'चे जुने अंक गूगल बुक्सवर घरबसल्या वाचता येतात, त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका. अमेरिकी सैन्याचं 'पीएस' मासिक मात्र जरूर पाहा. देखभालीचे धडे चित्रकथेतून देणारं हे मासिक 1951 साली सुरू झालं आणि पहिल्या वीस वर्षांचे अंक व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. फिटरच्या हाताला काय लागतं, ते त्यात जितकं कळतं तितकं मोठ्या तांत्रिक लेखांत कळत नाही.

छापील बांधीव खंडांत आम्ही हाताने शोधतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे. बांधणी करताना पुष्कळदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, आणि इंजिनाच्या आतले भाग दाखवणारं सगळ्यांत स्वच्छ छेदचित्र नेमकं जाहिरातीतच असायचं. घडीचं मोठं चित्र स्कॅन करणाऱ्याने न उलगडताच स्कॅन केलेलं असतं; संगणकावर अर्धा इंजेक्शन पंप दिसतो आणि अर्धा घडीत गेलेला असतो. एका ग्राहकांना आम्ही लेखाची पूर्ण प्रत दिली होती. दोन महिन्यांनी पुढचा अंक हाती आला, तेव्हा त्यात एका आकड्याची दुरुस्ती छापलेली. त्यांना फोन करून नवी प्रत पोचवली, पण चूक आमची होती. तेव्हापासून लेखानंतरचे तीन अंक, वाचकांच्या पत्रांसकट, पाहिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं आम्ही म्हणत नाही.

प्रत एकच मिळेल, तीही तुमच्या स्वतःच्या अभ्यासासाठी. कॉपीराइट कायदा तेवढी मुभा देतो. छापून विकायचं असेल तर परवानगी तुम्हालाच काढावी लागेल.

एक काळजीची गोष्ट. लेखात "पेट्रोलवरही चालते" असं वाचून कृपया टाकीत पेट्रोल ओतू नका. इंधन पंपाच्या प्लंजरला, म्हणजे आत सरकणाऱ्या दट्ट्याला, वंगण इंधनाचंच मिळतं आणि पेट्रोल त्या मानाने फार पातळ. कॉन्टिनेन्टलच्या इंजिनात इंधनाच्या घनतेप्रमाणे मात्रा वाढवणारा वेगळा भाग होता. तुमच्या गाडीत तसं काही आहे का, हे जाणत्या पंप मिस्त्रीला दाखवून घ्या.

प्राथमिक शोधाचे 300 रुपये. काहीच न सापडल्यास ते परत मिळतील. झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च वेगळा, आधी विचारूनच करू. नागपूरबाहेरच्या ग्रंथालयातून प्रत मागवायची असेल तर महिना धरून चाला. येताना पाटीचा फोटो आणि लेखातलं जे काही आठवतं ते कागदावर लिहून आणा, चित्राचा रंग आठवत असला तरी तो लिहा.