'रोमँटिक पिरियड' सुरू कधी झाला आणि हे नाव आलं कुठून

बीएला इंग्लिश घेतलं की पहिल्याच आठवड्यात वहीत इंग्रजी साहित्याच्या कालखंडांची ती टाइमलाइन उतरते, ओल्ड इंग्लिश, मिडल, एलिझाबेथन, रिस्टोरेशन वगैरे. ती सगळ्यांना पाठ असते म्हणून त्यात शिरत नाही. बरीचशी नावं राजाराण्यांवरूनच पडलीत, 1660 ला राजा परत गादीवर बसला म्हणून रिस्टोरेशन, असं. रोमँटिकचं तसं नाही आणि खरा घोळ तिथेच आहे.

नोट्समध्ये 1798 असतं, कारण त्या वर्षी 'लिरिकल बॅलड्स' आलं. वर्ड्सवर्थ आणि कोलरिज या दोन तरुण कवींचं मिळून, 23 कविता, पुस्तकावर दोघांपैकी कुणाचंच नाव नाही. आणि साध्या माणसांच्या बोलीत कविता लिहायची हे सांगणारी ती फेमस प्रस्तावना त्यात नाहीच, ती आली 1800 च्या आवृत्तीत! म्हणून काही जण 1789 धरतात, फ्रेंच राज्यक्रांती, शिवाय ब्लेकचा कवितासंग्रह 'साँग्ज ऑफ इनोसन्स' पण त्याच वर्षीचा. मला तरी हेच जास्त पटतं. त्याच्याही आधी 1784 ला शार्लट स्मिथ या बाईंचं सॉनेट्सचं (चौदा ओळींच्या कवितांचं) पुस्तक आलं होतं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, पण अभ्यासक्रमातल्या सहा पुरुष कवींच्या यादीत त्या बाईंना कित्येक वर्षं जागाच नव्हती.

बरं, त्या काळात यांना कुणी रोमँटिक म्हणतही नव्हतं. टीकाकार 'लेक स्कूल', 'कॉकनी स्कूल', 'सेटॅनिक स्कूल' म्हणून टोमणे मारायचे, सगळ्यांना एका पाटीखाली बसवलं ते नंतरच्या लोकांनी. शब्द जुनाच, पण अर्थ शूरवीरांच्या अद्भुत गोष्टींसारखं असा होता. आपल्याकडे रोमँटिक म्हणजे पाऊस आणि गाणं, त्यामुळे फळ्यावर रोमँटिसिझमसाठी 'स्वच्छंदतावाद' आलं की अर्धा वर्ग गार.

शेवट 1832 की 1837 यावरही वाद. 1832 हे मतदान सुधारणा कायद्याचं साल, 1837 राणी व्हिक्टोरिया गादीवर आली ते, म्हणजे परत राजकारणच. बायरन, शेली, कीट्स हे तरुण तिघं तर 1824 पर्यंत वारले होते. उलट वर्ड्सवर्थचं दीर्घकाव्य 'द प्रील्यूड' 1805 ला लिहून तयार होतं, नंतर तो त्यात फेरफार करत बसला आणि छापून आलं 1850 ला, तो गेल्यावर. आता हे रोमँटिक म्हणायचं की व्हिक्टोरियन?

व्हिक्टोरियन हा तर 64 वर्षांचा डबा, 1901 पर्यंत काहीही कोंबा. मग मॉडर्निझम, म्हणजे जुने साचे मोडून नवे प्रयोग करणाऱ्यांचा काळ, ज्यात 'युलिसिस' ही कादंबरी आणि 'द वेस्ट लँड' ही कविता दोन्ही 1922 च्या. 1945 नंतर मात्र इंग्लंडचं कॅलेंडर पुरेना, जुन्या ब्रिटिश वसाहतींतल्या लेखकांसाठी आधी 'कॉमनवेल्थ' मग 'पोस्टकोलोनियल' (वसाहतोत्तर) अशी खाती उघडली. 1976 चं 'जेजुरी' घ्या, मराठीतही लिहिणाऱ्या अरुण कोलटकरांचं इंग्रजी कवितांचं पुस्तक, खंडोबाच्या गावावर, 1977 ला कॉमनवेल्थचं कविता बक्षीस मिळालेलं. आमच्या पेपरात ते कधी इंडियन इंग्लिशमध्ये, कधी मॉडर्निस्टमध्ये, सिलॅबस बदलला की जागा बदलते.