मुल्की–गैरमुल्की वाद

हैदराबाद संस्थानात स्थानिक (मुल्की) आणि बाहेरून आलेले (गैरमुल्की) यांच्यात मुख्यतः सरकारी नोकऱ्यांवरून चाललेला वाद. अरबी ‘मुल्क’ म्हणजे देश, राज्य. मराठी ‘मुलूख’ त्यातलाच.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो बहमनी दरबारातील दखनी व आफाकी (परदेशी) सरदारांच्या वैरापर्यंत मागे नेतात; 1481 मध्ये इराणहून आलेला वजीर महमूद गावान याला झालेला देहदंड हे त्या वैराचे टोक. पण ती चुरस दरबारी सरदारांची होती, पगारी नोकरशाही तेव्हा नव्हती. पहिल्या सालारजंगाच्या (दिवाण, 1853–83) सुधारणांपासून वाद सुरू झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नव्या खात्यांसाठी त्याने उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः अलीगढच्या वर्तुळातून, शिकलेली माणसे आणवली. 1880 च्या दशकात फार्सीच्या जागी उर्दू आली आणि त्यांचा जम बसला. जुन्या खानदानांना हे लोक उद्धट वाटत. आलेल्यांना हैदराबादी सुस्त वाटत.

मुल्की कोण, याची व्याख्या 1919 च्या निजामी फर्मानाने झाली. जन्माने संस्थानचा प्रजाजन, मुल्की पुरुषाची पत्नी आणि जन्मसमयी ज्याच्या वडिलांची 15 वर्षे सरकारी नोकरी झाली होती तो, हे सर्व मुल्की ठरत. शिवाय 15 वर्षे कायम राहून, मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र देणाऱ्यासही हा दर्जा मिळे. म्हणजे परकेपणा कायमचा नव्हता. कालच्या गैरमुल्कीची मुले पुढे मुल्की म्हणून नव्या आगंतुकांविरुद्ध उभी राहू शकत. वादाचे मर्म येथेच आहे.

1948 च्या पोलीस कारवाईनंतर मद्रास व इतर प्रांतांतून अधिकारी आले आणि इंग्रजीला महत्त्व आले. उस्मानिया विद्यापीठाच्या (स्थापना 1918) उर्दू माध्यमातील पदवीधरांची त्यात मोठी कुचंबणा झाली. 1952 मध्ये वरंगळपासून विद्यार्थ्यांचे आंदोलन पसरले; सप्टेंबरात हैदराबाद शहरातील गोळीबारात माणसे दगावली. ‘नॉन-मुल्की गो बॅक’बरोबर ‘इडली-सांबार गो बॅक’ही घोषणा होती. आलेल्यांपैकी अनेकांची भाषा तेलुगूच होती, तरी तेलंगणात ते परकेच ठरले. नोकरीचा रोष जेवणाच्या ताटापर्यंत पोचला होता.

आंध्र प्रदेश झाल्यावर (1956) वाद तेलंगण व किनारी आंध्र यांच्यातला झाला. 1969 मध्ये तेलंगणात आंदोलन पेटले. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरवताच आंध्रात वेगळ्या आंध्र राज्याची ‘जय आंध्र’ चळवळ उसळली. 1973 मध्ये नियम रद्द होऊन 32 व्या घटनादुरुस्तीने राज्यातील सर्व भागांना सरकारी नोकऱ्या व शिक्षणात न्याय्य संधी देण्यासाठीचा अनुच्छेद 371-ड आला.

मराठवाडा संस्थानाचाच भाग असल्याने तेथेही हेच नियम लागू होते. मराठी भाषक प्रदेशांच्या एकीकरणासाठी झालेल्या 1953 च्या नागपूर करारात प्रत्येक विभागाला सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे कलम आहे.