मूल अचानक आवरेनासं होतं तेव्हा
ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) किंवा अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

शनिवारी संध्याकाळी पुण्याच्या तुळशीबागेतल्या बाजारात हे दृश्य हमखास दिसतं. आईचा हात धरलेला सहा वर्षांचा मुलगा आधी शर्टाची कॉलर चावू लागतो, मग कान दाबतो आणि शेवटी जमिनीवर बसकण मारून किंचाळतो. आई घाईघाईने खेळणं घेऊन देते, तरी रडणं थांबत नाही.

खेळणं मिळूनही रडणं थांबलं नाही, ही महत्त्वाची खूण आहे. हट्ट करणारं मूल मधूनमधून तुमच्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की सहसा निवळतं. गर्दी, गोंगाट, उजेड हे सगळं एकदम झेपेनासं झालेल्या मुलाला तिथून फक्त बाहेर पडायचं असतं. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना आवाज किंवा स्पर्श फार तीव्रतेने जाणवतो, काहींना उलट फारच कमी. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांत २०१३ पासून याची नोंद आहे.

अशा वेळी दरडावू नका, समजावूही नका. त्या क्षणी तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. कमीत कमी शब्दांत त्याला शांत जागी न्या. बघणाऱ्यांना खुलासा देणं तुम्हाला बंधनकारक नाही. काही शिकवायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी.

खरं काम त्याच्या आधीचं आहे. एक साधी वही करा: कधी झालं, कुठे झालं, त्याआधी काय चाललं होतं, झोप आणि खाणं कसं होतं. दोनेक आठवड्यांत बहुतेकदा काहीतरी सूत्र सापडतं. कुणाचं कॉलर चावणं ही पहिली सूचना असते, कुणाचं येरझाऱ्या घालणं. काही मुलं शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि व्हॅनमधून उतरल्यावर घरी कोसळतात. मग बाई म्हणतात, "वर्गात तर किती शहाणा असतो!" आणि आईला वाटतं, आपलंच चुकतंय. तसं नसतं. जिथे सुरक्षित वाटतं तिथेच मूल मोकळं होतं.

गणपतीत तर आधीपासून तयारी लागतेच. आरतीच्या झांजा, दारावरून जाणारं ढोल-ताशा पथक, घरभर पाहुणे. काय होणार ते चित्रं काढून आधी सांगा, आवाज कमी करणारे हेडफोन जवळ ठेवा, एक खोली त्याच्यासाठी शांत राखा. आरतीला तो दारापाशी उभा राहिला तरी चालेल. नातेवाइकांनाही तसं आधीच सांगून ठेवा.

तपासणीबद्दल थोडं. बोलणं उशिरा येत असेल तर आधी श्रवणचाचणी करून घ्या. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, म्हणून तपासणी करताना आम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसशास्त्रज्ञ) शिक्षकांशीही बोलतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, अगदी आमच्याकडेही, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक जरूर मागा. स्टेम सेलने ऑटिझम बरा होतो असं सांगून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून कृपा करून दूर राहा. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही.

ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता या दोन्हींचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत समावेश आहे. एडीएचडी त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. सरकारी प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी (दिव्यांगांसाठीचं विशिष्ट ओळखपत्र) पोर्टलवर अर्ज करावा लागतो. दहावी-बारावीला राज्य मंडळाकडून जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, पण त्याची कागदपत्रं नववीतच सुरू करा. आयत्या वेळी फार धावपळ होते.

आमच्याकडे पहिली भेट फक्त पालकांची असते. मुलाच्या अडचणी त्याच्यासमोर बोलाव्या लागू नयेत, हा त्यामागचा हेतू. येताना ती वही, शाळेची प्रगतिपुस्तकं, आधीचे रिपोर्ट आणि त्याला मनापासून आवडणाऱ्या गोष्टींची यादी आणा. दुसऱ्या भेटीत आम्ही त्या यादीपासूनच सुरुवात करतो.