दुखण्याची गोळी मागितली की आम्ही ‘दमा आहे का?’ असं का विचारतो

साधी डोकेदुखीची गोळी, तिच्यासाठी एवढी चौकशी कशाला, असं आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर रोज कुणीतरी म्हणतं. म्हणून हे छापून ठेवलं आहे.

आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे स्निग्ध पदार्थ बनतात. काम हार्मोनसारखंच, पण हार्मोन ग्रंथीतून निघून रक्तावाटे लांब जातं. प्रोस्टाग्लँडिन मात्र जवळजवळ प्रत्येक पेशीत, लागेल तिथेच बनतात आणि लगेच मोडतात. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येतात असं वाटल्यामुळे १९३५ च्या सुमारास स्वीडनचे शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी हे नाव दिलं, तेच टिकलं. ताप, सूज, पाळीतल्या कळा यांमागे हेच असतात. जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही हेच सांभाळतात. ॲलर्जीत त्यांचा डी-२ हा प्रकार नाक चोंदवतो, श्वासनलिका आवळतो. ई-२ मात्र तिथली सूज आवरून धरतो.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाहीत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी हे १९७१ मध्ये दाखवलं. दुखणं थांबतं, पण दम्याच्या काही रुग्णांत ई-२ घटला की ल्युकोट्रिन नावाचे त्याचे भाऊबंद उसळतात. मग नाक गच्च होतं, अर्ध्या ते तीन तासांत धाप लागते. नाकात मांस वाढलेल्यांना हा धोका जास्त. ॲलर्जीसाठी अनेकांना चालू असलेली मॉन्टेलुकास्ट ही गोळी ल्युकोट्रिनलाच अडवते, पण ती चालू आहे म्हणून दुखण्याच्या या गोळ्या बिनधास्त घेऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो शेजारच्या मुलाला ‘दुखण्याच्या दोन गोळ्या आण’ एवढंच सांगून पाठवल्यामुळे. गोळी कुणासाठी, हे त्याला ठाऊक नसतं. तो परत घरी जातो, मग फोन, मग पुन्हा फेरी. डॉक्टरांची चिठ्ठी द्या, किंवा रुग्णाचं नाव, वय, दमा, ॲसिडिटी आणि चालू औषधं कागदावर लिहून द्या. कापलेल्या पट्टीवर गोळीचं नाव उरलं नसेल तर ती पाहून आम्ही गोळी देत नाही. डायक्लोफिनॅकही चिठ्ठीशिवाय देत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

दमेकऱ्यांना नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल बहुधा चालते, तरी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. कोणती गोळी सोसत नाही ते आम्हाला सांगितलंत की तुमच्या नावापुढे नोंद करून ठेवतो. पुढच्या वेळी फोन करा, औषधं काढून ठेवू.