वॉल्डेन्सियन मुक्तिदिन

इटलीतील वॉल्डेन्सियन (इटालियन : व्हाल्देसी) या अल्पसंख्य प्रॉटेस्टंट पंथाचा वार्षिक उत्सव. सार्डिनियाचा राजा कार्लो आल्बेर्तो याने १७ फेब्रुवारी १८४८ रोजी राजपत्राद्वारे या पंथीयांना नागरी व राजकीय हक्क दिले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १६ फेब्रुवारीच्या रात्री डोंगरउतारांवर होळ्या पेटवतात आणि दुसऱ्या दिवशी उपासना व सहभोजन होते. चर्चच्या धार्मिक पंचांगात या दिवसाला स्थान नाही. तरीही ख्रिसमस-ईस्टरइतक्याच, किंबहुना काकणभर अधिक, जिव्हाळ्याने तो पाळला जातो.

ल्याँचा व्यापारी वाल्दो याने बहुधा ११७० नंतरच्या दशकात संपत्तीचा त्याग करून लोकभाषेत धर्मोपदेश सुरू केला, तेव्हापासून पंथाचा इतिहास धरतात. हा पंथ थेट प्रेषितांच्या (येशूच्या पहिल्या शिष्यांच्या) काळापासून चालत आल्याचे पूर्वीचे काही प्रॉटेस्टंट लेखक मानत. हे मत आता सहसा ग्राह्य धरले जात नाही. ११८४ मध्ये पंथाला पाखंडी ठरवण्यात आले, तर १५३२ च्या शानफोरान येथील सभेत त्याने धर्मसुधारणेचा (प्रॉटेस्टंट चळवळीचा) पक्ष स्वीकारला. १६५५ ची कत्तल, १६८६ ची हद्दपारी आणि १६८९ मधील सशस्त्र पुनरागमन यांतून जे तगले, ते वायव्य इटलीतील पिडमाँट या प्रांतातील (तेव्हा सार्डिनियाच्या राज्याचा भाग) पेल्लिचे, जेर्मानास्का आणि किझोने या आल्प्सच्या खोऱ्यांत राहिले. खोऱ्यांबाहेर जमीन घेण्यास त्यांना मनाई होती, विद्यापीठ बंद होते, सरकारी नोकरी व बहुतेक प्रतिष्ठित व्यवसायही बंद होते. नेपोलियनच्या अमलात ही बंधने उठली. १८१४ मध्ये सार्डिनियाचे सव्हॉय राजघराणे परतताच पुन्हा लादली गेली. लुझेर्ना सान जोव्हान्नी येथील नव्या उपासनामंदिराच्या दारापुढे तेव्हा लाकडी आडोसा उभारायला लावला होता. समोरच्या कॅथलिक चर्चला या उपासनेचा उपसर्ग होऊ नये, एवढेच त्याचे प्रयोजन. त्या काळच्या सहिष्णुतेची मर्यादा यावरून पुरेशी कळते.

१८४७ अखेरीस रोबेर्तो द'आझेल्यो या उदारमतवादी कॅथलिक सरदाराने वॉल्डेन्सियन व ज्यू या दोहोंच्या हक्कांसाठी अर्ज फिरवून प्रतिष्ठितांच्या सह्या मिळवल्या. त्यानंतर निघालेले राजपत्र आटोपशीर आहे. राजाच्या इतर प्रजाजनांचे सर्व नागरी व राजकीय हक्क वॉल्डेन्सियनांना मिळतील, शाळा व विद्यापीठांत त्यांना शिकता येईल, पदव्या घेता येतील; मात्र त्यांची उपासना आणि त्यांनी चालवलेल्या शाळा यांबाबत काहीही बदललेले नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मिळाले ते नागरिकत्व, धर्मस्वातंत्र्य नव्हे. त्याच वर्षी ४ मार्चला जाहीर झालेल्या संविधानाने कॅथलिक धर्म हाच राज्याचा एकमेव धर्म ठरवला व इतर पंथांना प्रचलित कायद्यांनुसार केवळ सहन केले. ज्यूंना नागरी हक्क देणारा हुकूम २९ मार्चचा आहे. उत्सवाला ‘धार्मिक स्वातंत्र्याचा दिवस’ म्हणण्याची पद्धत रूढ असली, तरी मूळ दस्तऐवजाला धरून ‘नागरी मुक्तीचा दिवस’ म्हणणेच अधिक योग्य ठरते.

होळ्यांच्या उगमाबद्दल एकमत नाही. लोकप्रिय कथेनुसार राजपत्राची वार्ता खोऱ्यांत डोंगरामागून डोंगरावर आगी पेटवून पोचवली गेली. परंतु राजपत्रावर सही झाली १७ फेब्रुवारीला आणि ते लोकांना कळले सुमारे आठवडाभराने. होळी ही त्या संदेशाचीच आठवण असती, तर ती महिनाअखेरीस पेटली असती, १६ तारखेला नव्हे. दुसऱ्या मताप्रमाणे हिवाळ्याच्या शेवटी, कार्निव्हलच्या (ईस्टरपूर्व उपवासकाळाआधीच्या उत्सवाच्या) सुमारास आग पेटवण्याची आल्प्समधील जुनी रीत नव्या निमित्ताला जोडली गेली. तिसरे मत राजनिष्ठेच्या रिवाजाकडे बोट दाखवते : सप्टेंबर १८४४ मध्ये कार्लो आल्बेर्तो तोर्रे पेल्लिचे येथे आला, तेव्हाही डोंगरांवर आगी पेटवल्याचे सांगतात. त्या स्वागताबद्दल राजाने गावाला दिलेले कारंजे आजही तेथे आहे. आनंदाची वार्ता आल्यावर जे पूर्वी केले तेच लोकांनी पुन्हा केले आणि जुन्या ऋतुविधीने त्याला आधार दिला, असे मानणे सयुक्तिक वाटते.

२७ फेब्रुवारी १८४८ रोजी तुरिनमध्ये निघालेल्या मिरवणुकीत ‘कार्लो आल्बेर्तो यांस, कृतज्ञ वॉल्डेन्सियन’ अशा अर्थाचा फलक घेऊन सुमारे सहाशे वॉल्डेन्सियन सामील झाले. आजवर शेवटी राहिलेल्यांनी आज पुढे चालावे, असे सांगून द'आझेल्यो यांनी त्यांना अग्रभागी नेले. हा प्रसंग पंथाच्या सामूहिक स्मृतीत आजही ताजा आहे.

१७ फेब्रुवारीला सकाळी मुले छोटे तिरंगी इटालियन ध्वज घेऊन मिरवणुकीने उपासनामंदिरात जातात. स्त्रिया पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या टोपीसह पारंपरिक पोशाख करतात, कपड्यांवर तिरंगी फिती लावतात. दुपारी सहभोजन होते, संध्याकाळी गावातील हौशी मंडळी नाटक सादर करतात.

विसाव्या शतकात उत्सवाला व्यापक अर्थ आला. १९२९ चा कायदा कॅथलिकेतर पंथांना ‘अनुमत पंथ’ म्हणत असे. १९४८ च्या संविधानाच्या आठव्या कलमाने सर्व पंथ कायद्यापुढे सारखेच मुक्त मानले; त्या कलमानुसार वॉल्डेन्सियन पंथ व राज्य यांच्यातील करार १९८४ मध्ये झाला. इटलीतील इतर प्रॉटेस्टंट चर्चेसही या तारखेच्या आसपास ‘स्वातंत्र्य सप्ताह’ पाळतात. तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोला पाखंडी ठरवून १६०० मध्ये रोम येथे याच तारखेला, १७ फेब्रुवारीला, जाळण्यात आले, त्यामुळे विचारस्वातंत्र्याचे पुरस्कर्तेही तिचा उल्लेख करतात. दोन घटनांचा परस्परसंबंध मात्र नाही.

उरुग्वेतील कोलोनिया वाल्देन्से व अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातील वाल्डीज या वसाहतींतही हा दिवस पाळला जातो. उरुग्वेत तो ऐन उन्हाळ्यात येतो.